सीएलएल: बाबांच्या रिपोर्टमधली सीडी३८, झॅप-७०, सीडी४९डी ही प्रथिनं नेमकं काय सांगतात?

नदीकाठ

बाबा ६७ वर्षांचे आहेत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तेव्हा पांढऱ्या पेशी ३८,००० निघाल्या, त्यात लिम्फोसाइट्स ३१,०००. तीन महिन्यांनी परत मोजल्या तरी जवळपास तेवढ्याच. मग फ्लो सायटोमेट्री (पेशींवरची प्रथिनं मोजणारी तपासणी) झाली आणि सीएलएल म्हणजे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचं निदान पक्कं झालं. मानेत, काखेत कुठेही गाठ नाही, प्लीहा हाताला लागत नाही, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट्स ठीक. डॉक्टर म्हणाले, "राय स्टेज शून्य. आज औषध नको. तीन महिन्यांनी या." बाबा खूश होऊन घरी आले.

रिपोर्टचं दुसरं पान मात्र मी त्यांना दाखवलेलं नाही. त्यावर लिहिलंय: सीडी३८ ४२ टक्के, झॅप-७० पॉझिटिव्ह, सीडी४९डी १२ टक्के, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन ३.९ मिलिग्रॅम प्रतिलिटर. रात्री शोधत बसले तर पहिल्या दोन नावांपुढे सगळीकडे "वाईट" असंच दिसलं. जगण्याचे आलेख पाहिले आणि झोप उडाली. स्टेज शून्य आणि मार्कर वाईट, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल खऱ्या कशा असतील? हे आकडे किती मनावर घ्यायचे? माहितगारांनी जरा सविस्तर सांगा. कितीही लांबलं तरी वाचेन.


जुनीवाट

ताई, मला निदान होऊन चौदा वर्षं झाली. पहिली साडेसहा वर्षं एकही गोळी नव्हती. माझ्याही रिपोर्टवर सीडी३८ जास्त होतं, आणि मीही ते पान घरच्यांपासून लपवलं होतं. ते करू नका. लपवलेलं पान बाबांच्या हाती कधीतरी पडतंच, आणि तेव्हा समजावून सांगायला शेजारी कोणी नसतं.

आकड्यांबद्दल जाणकार लिहितीलच.


पेशीवेडा

मी बरीच वर्षं फ्लो सायटोमेट्रीच्या प्रयोगशाळेत काम केलं आहे, त्यामुळे त्या टक्क्यांबद्दल सांगू शकतो.

आधी "स्टेज शून्य आणि मार्कर वाईट" याबद्दल. स्टेज म्हणजे रोग आज शरीरात कुठवर पसरला आहे त्याचं मोजमाप. राय यांनी १९७५ साली आणि बिने यांनी १९८१ साली ज्या पद्धती मांडल्या, त्या हाताने तपासून आणि साध्या रक्तचाचणीवरून ठरवता येतात आणि आजही वापरात आहेत. पण एकाच स्टेजमधल्या दोन रुग्णांपैकी एकाला वीस वर्षं काही होत नाही आणि दुसऱ्याला दोन वर्षांत उपचार लागतात, हे का, याचं उत्तर स्टेजकडे नाही. ते शोधायला मार्कर आले. स्टेजवरून रोग कुठे उभा आहे ते कळतं, मार्करवरून त्याच्या चालीचा अंदाज येतो. म्हणून दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात.

आता सीडी३८. हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन आहे, एन्झाइमचं कामही करतं. सीएलएलच्या पेशी रक्तात नुसत्या साठत जातात, फारशा विभागत नाहीत, असं पूर्वी मानत. २००५ साली रुग्णांना जड पाणी (जड हायड्रोजन असलेलं पाणी) पाजून नव्या पेशी मोजल्या गेल्या. तेव्हा दिसलं की काही रुग्णांत रोज एकूण क्लोनच्या (एकाच पेशीपासून वाढलेल्या रोगपेशींच्या समूहाच्या) ०.१ टक्का, तर काहींत १ टक्क्याहूनही जास्त पेशी नव्याने जन्मतात. सीडी३८ असलेल्या पेशींत अशा नुकत्या विभागलेल्या पेशी जास्त सापडतात. म्हणजे ४२ टक्के हा आकडा "क्लोनचा बराच भाग हालचालीत आहे" असं काहीसं सुचवतो. पण हे प्रथिन स्थिर नाही. त्याच रुग्णात काही काळाने वेगळा आकडा येऊ शकतो.

झॅप-७० ची गोष्ट वेगळी. हे मुळात टी-पेशी आणि एनके पेशींमधलं प्रथिन, वजन ७० किलोडाल्टन, नावातला आकडा तिथूनच आला. शांत बी-पेशीत ते जवळपास नसतं. सीएलएल हा बी-पेशींचा रोग, आणि तरी काही रुग्णांच्या रोगपेशींत ते सापडतं. तिथे ते बी-सेल रिसेप्टरकडून येणारा "जग, वाढ" हा संदेश जास्त जोरात आत पोचवतं.

आणि इथेच माझी कळकळीची सूचना: नुसत्या "पॉझिटिव्ह" या शब्दावर विसंबू नका. सीडी३८ आणि सीडी४९डी पेशीच्या बाहेर असतात, त्यांना प्रतिपिंड सहज चिकटतं. झॅप-७० पेशीच्या आत. त्यासाठी पेशीच्या आवरणाला भोकं पाडावी लागतात, मग रंगवायचं. कुठलं प्रतिपिंड वापरलं, किती वेळ ठेवलं, नमुना किती तास जुना होता, रेषा कुठे आखली, प्रत्येक पायरीला आकडा हलतो. त्याच नळीतल्या रुग्णाच्या निरोगी टी-पेशींशी तुलना करायची असते, तीही प्रत्येक जण वेगळ्या तऱ्हेने करतो. मी ज्या प्रयोगशाळेत होतो तिथे एकदा सुट्ट्यांमुळे दोन दिवस पडून राहिलेला नमुना आला. आम्ही झॅप-७० निगेटिव्ह कळवलं, आणि नंतर ताज्या रक्तात ते स्पष्ट पॉझिटिव्ह निघालं. त्या रुग्णाला फोन करून सांगताना मला फार वाईट वाटलं होतं. शिळ्या नमुन्यावर ही चाचणी करूच नये, असं माझं ठाम मत तेव्हापासून आहे.


नदीकाठ

पेशीवेडा, मनापासून आभार. सीडी४९डी राहिलं. आणि टक्क्यांची ही रेषा ठरवतं कोण? २९ चांगले आणि ३१ वाईट असं कसं?


पेशीवेडा

सीडी४९डी हे माझ्या मते या तिघांतलं सर्वांत भरवशाचं.

पेशीला ऊतीत चिकटून राहायला जी प्रथिनं लागतात त्यांना इंटिग्रिन म्हणतात. सीडी४९डी हा त्यातल्या एका जोडीचा अर्धा भाग, दुसरा अर्धा सीडी२९. ही जोडी रक्तवाहिनीच्या आणि हाडांच्या मगजातल्या आधारपेशींवरच्या व्हीकॅम-१ या प्रथिनाला आणि फायब्रोनेक्टिनला पकडते. सीएलएलची पेशी उघड्या रक्तात एकटी असली की फार टिकत नाही. प्रयोगशाळेत बशीत ठेवली तर काही दिवसांत मरते. लसीका ग्रंथीत किंवा हाडांच्या मगजात आधारपेशींना बिलगून बसली की मात्र तिला जगण्याचे आणि वाढण्याचे संदेश मिळतात. म्हणजे ज्या पेशीकडे सीडी४९डी आहे तिला आसरा शोधता येतो. प्रथिनाचं काम आणि रोगाचा वेग यांचा संबंध इतका सरळ फार कमी मार्करमध्ये दिसतो.

२०१४ साली जवळपास तीन हजार रुग्णांची माहिती एकत्र करून तपासली गेली, आणि फ्लो सायटोमेट्रीने मोजता येणाऱ्या मार्करांत एकूण आयुर्मानाशी सर्वांत घट्ट नातं सीडी४९डीचं निघालं. सीडी३८ आणि झॅप-७० त्याच्या मागे. रेषा ३० टक्क्यांची. तुमच्या बाबांचा आकडा १२, म्हणजे बऱ्यापैकी खाली. हे तुम्ही रात्री शोधलं तेव्हा कुठे दिसलं नसेल.

रेषेबद्दल: सीडी३८ ला ३० टक्के, झॅप-७० ला २० टक्के असं साधारण मानतात, पण सीडी३८ साठी काहींनी २० आणि ७ टक्केही वापरले आहेत. पुढचं कोणी गणितवाल्याने सांगावं.


कणमोजणी

मी डॉक्टर नाही. संख्याशास्त्र शिकवतो, आणि या रोगाची आकडेवारी घरच्या कारणाने बारकाईने वाचली आहे.

रेषा निसर्गाने आखलेली नाही. एका गटाची माहिती घेतात, वेगवेगळ्या जागी कापून पाहतात आणि दोन भागांचे आलेख जिथे सर्वांत स्पष्ट वेगळे होतात ती जागा धरतात. म्हणून २९ आणि ३१ मधला फरक शरीरात नसतो, तो फक्त कागदावर असतो. ५ आणि ८० मधला फरक मात्र खरा असतो.

आता तुम्ही पाहिलेले आलेख. त्यात मध्यक दिलेला असतो, म्हणजे निम्मे रुग्ण त्याच्या आधी, निम्मे त्याच्या नंतर. तो कुणाच्याही आयुष्याची मुदत नसते. दोन गटांचे मध्यक दूर असले तरी गटांमधली माणसं एकमेकांत खूप मिसळलेली असतात. "वाईट" गटातला कोणीतरी "चांगल्या" गटातल्या अनेकांपेक्षा जास्त जगतो, आणि आलेखाची रेषा पाहून हे लक्षात येत नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: आलेखातल्या रुग्णांना औषध कोणतं मिळालं होतं ते पाहा. २००० साली ३२५ रुग्णांचा गुणसूत्रांवरचा एक अभ्यास आला, फार गाजलेला आणि फार महत्त्वाचा. त्यात १७ व्या गुणसूत्राचा तुकडा गळालेल्यांचा मध्यक ३२ महिने, आणि फक्त १३ व्या गुणसूत्राचा तुकडा गळालेल्यांचा १३३ महिने होता. ३२ हा आकडा आजही जालावर फिरतो. पण त्या लोकांना आजची औषधं मिळालीच नव्हती. इब्रुटिनिबला अमेरिकेत सीएलएलसाठी मान्यता २०१४ ची, व्हेनेटोक्लॅक्सला २०१६ ची. जुन्या आलेखातून कुठला गट तुलनेने जड आहे ते शिकावं. महिने मोजायला तो आलेख वापरू नये.


धावती नजर

माझं मत जरा वेगळं आहे. मार्कर वाईट आहेत हे आत्ताच कळलंय तर थांबायचं कशाला? कुठलाही कर्करोग लवकर गाठला तर बरा, असंच आपण ऐकत आलो. नवीन गोळ्या चांगल्या आहेत म्हणता ना? मग रोग लहान असतानाच द्या. नदीकाठ, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या असं मला मनापासून वाटतं.


रक्तिमा_वैद्य

मी रक्तविकारतज्ज्ञ आहे. नदीकाठच्या बाबांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे सल्ला त्यांच्या डॉक्टरांचाच. पण "धावती नजर" यांचा प्रश्न माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक नातेवाईक विचारतो आणि तो प्रेमापोटीच येतो, म्हणून नीट उत्तर देते.

हे करून पाहिलेलं आहे, आणि एकदा नाही. १९९८ साली फ्रान्समधल्या मोठ्या चाचणीचे निकाल आले. सुरुवातीच्या स्टेजमधल्या रुग्णांना लगेच क्लोरॅम्ब्युसिल देऊन आयुष्य वाढलं नाही. उलट ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांतल्या ४९ टक्के लोकांचा रोग अकरा वर्षांहून अधिक काळ पुढे सरकला नाही आणि त्यांना उपचारही लागले नाहीत. त्यांना आधीच औषध दिलं असतं तर ते निव्वळ त्रासापुरतं ठरलं असतं.

जुनं औषध होतं म्हणून असं झालं, असं कोणी म्हणेल. म्हणून जर्मन गटाने सीएलएल१२ ही चाचणी केली. त्यात इब्रुटिनिब की नुसती साखरेची गोळी, अशी तुलना होती. आणि त्यासाठी रुग्ण निवडले ते मार्करांवरूनच. थायमिडिन कायनेज, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन वगैरे मिळून ज्यांचा धोका जास्त दिसत होता तेच. निकाल असा की रोग पुढे सरकायला वेळ लागला, पण जास्त लोक जगले असं दिसलं नाही. हृदयाचे ठोके अनियमित होणं, रक्तस्राव हे त्रास मात्र औषधासोबत आलेच. म्हणून मार्कर कितीही जड असला तरी तेवढ्यावर उपचार सुरू करत नाहीत.

सुरू कधी करतात तेही सांगते, म्हणजे मनातली भीती योग्य जागी बसेल. हाडांमधला मगज निकामी होऊ लागल्याने हिमोग्लोबिन १० च्या खाली किंवा प्लेटलेट्स एक लाखाच्या खाली जाऊ लागणं. प्लीहा बरगडीखाली सहा सेंटिमीटर किंवा जास्त उतरणं. दहा सेंटिमीटरच्या गाठी. लिम्फोसाइट्स सहा महिन्यांच्या आत दुप्पट होणं. सहा महिन्यांत दहा टक्के वजन घटणं, दोन आठवडे टिकलेला ताप, महिनाभर रात्री घामाने कपडे भिजणं, आणि तेही संसर्ग नसताना. या यादीत झॅप-७० नाही, सीडी३८ नाही. नुसती पांढऱ्या पेशींची संख्या किती, हेही नाही.


रक्तिमा_वैद्य

वरचं लांबलं म्हणून बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनबद्दल वेगळं लिहिते, कारण नदीकाठच्या चार आकड्यांत मला सर्वांत आधी तो दिसला.

शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीवर एचएलए प्रथिनं असतात, त्यांना खालून टेकू देणारं हे छोटं प्रथिन. फक्त ९९ अमिनो आम्लांचं. पेशीवरून ते सुटून रक्तात येत राहतं. पेशी जास्त, त्यांची उलाढाल जास्त, तर रक्तात ते जास्त. स्वस्त चाचणी आहे, प्रयोगशाळेगणिक फार बदलत नाही, आणि म्हणूनच ती टिकली. २०१६ साली आठ चाचण्यांतल्या ३,४७२ रुग्णांवरून सीएलएल-आयपीआय हा गुणांक तयार झाला. शेवटी त्यात पाचच गोष्टी उरल्या. टीपी५३ हे जनुक बिघडलेलं असेल तर ४ गुण, आयजीएचव्ही अनम्यूटेटेड असेल तर २, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन ३.५ च्या वर असेल तर २, स्टेज पुढची असेल तर १, वय ६५ च्या वर असेल तर १. सीडी३८ आणि झॅप-७० त्यात नाहीत.

पण नदीकाठ, एक विचारायचं आहे. बाबांचं क्रिएटिनिन किती आहे?


नदीकाठ

१.६ आहे. रक्तदाब जुना आहे, मूत्रपिंडाचं थोडं दुखणं आधीपासून आहे. का?


रक्तिमा_वैद्य

म्हणूनच विचारलं. हे प्रथिन इतकं लहान असतं की मूत्रपिंडात ते गाळलं जातं आणि तिथेच त्याचं विघटन होतं. मूत्रपिंड मंदावलं की ते रक्तात साचतं, रोगाचा त्यात हात असो वा नसो. ३.९ मधला किती भाग सीएलएलचा आणि किती मूत्रपिंडाचा, हे एका आकड्यावरून सांगता येणार नाही. संसर्गात, सूज असतानाही ते वाढतं. डॉक्टरांशी बोलताना हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवा.

दुसरं म्हणजे, तुमच्या रिपोर्टवर अजून दोन गोष्टी नाहीत आणि माझ्या मते त्या वरच्या तिन्ही प्रथिनांहून महत्त्वाच्या आहेत: आयजीएचव्ही आणि टीपी५३. आज उपचार नसल्याने त्या लगेच कराव्याच असं नाही. औषध सुरू करण्याआधी मात्र करायलाच हव्यात.


मुळाक्षरं

हे आयजीएचव्ही प्रकरण काय आहे? प्रथिनांच्या धाग्यात जनुक कुठून आलं?


पेशीवेडा

प्रत्येक बी-पेशी आपलं स्वतःचं प्रतिपिंड घडवते. लसीका ग्रंथीत प्रशिक्षण घेताना त्या प्रतिपिंडाच्या जनुकात बारीक बदल होतात. ज्या पेशीपासून रोग सुरू झाला ती हे प्रशिक्षण घेऊन आलेली होती का, हे आयजीएचव्हीवरून कळतं. मूळ जनुकाशी ९८ टक्के किंवा जास्त जुळलं तर अनम्यूटेटेड, कमी जुळलं तर म्यूटेटेड. १९९९ साली एकाच नियतकालिकात दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की अनम्यूटेटेड रुग्णांचा रोग वेगाने जातो. सीडी३८ चं नावही त्यातल्याच एका लेखातून पुढे आलं.

त्या काळी हे अनुक्रमण, म्हणजे जनुकातली अक्षरं क्रमाने वाचणं, महाग आणि वेळखाऊ होतं, म्हणून सोपा पर्याय शोधणं सुरू झालं. दोन्ही प्रकारच्या पेशींत कुठली जनुकं वेगळी चालतात हे तपासलं तेव्हा सर्वांत ठळक निघालं झॅप-७०. म्हणजे झॅप-७० ची चाचणी रूढ झाली ती आयजीएचव्हीचा बदली खेळाडू म्हणून. पण साधारण चार-पाच रुग्णांत एकाचं दोन्हींचं उत्तर जुळत नाही. आता मूळ चाचणीच सहज करता येते, मग बदलीवर किती भर द्यायचा? आणि एकदा केलेली आयजीएचव्ही पुन्हा करावी लागत नाही, ती त्या क्लोनची जन्मखूण आहे. सीडी३८ सारखी ती हलत नाही.


रक्तिमा_वैद्य

टीपी५३ बद्दल मी भर घालते, कारण प्रथिन आणि जनुक यांचं नातं तिथे फार चांगलं कळतं.

टीपी५३ जनुकापासून बनणारं पी५३ हे प्रथिन पेशीतला पहारेकरी. डीएनए तुटला तर पेशीला थांबवतं, दुरुस्ती जमत नसेल तर मरायला लावतं. जुनी केमोथेरपी डीएनए तोडूनच काम करायची, म्हणजे पेशी मारण्याचं शेवटचं काम पी५३ च करायचं. पहारेकरीच नसेल तर केमो देऊन उपयोग काय? म्हणून त्या काळी हा मार्कर सर्वांत जड ठरला.

मग पी५३ प्रथिनच का मोजत नाहीत? निरोगी पेशीत ते बनताच काही मिनिटांत मोडलं जातं, त्यामुळे जवळजवळ दिसतच नाही. जनुकाचे तुकडे गळाले तरी ते दिसत नाही. आणि जनुकात चूक झाली तर बिघडलेलं प्रथिन मोडलं न जाता उलट साचतं. म्हणजे जास्त दिसलं तर गडबड, आणि नाही दिसलं तर सगळं ठीक असेल किंवा तुकडाच गेला असेल. म्हणून जनुकच पाहतात, आणि तेही दोन चाचण्यांनी. फिश (गुणसूत्रांवर चमकता रंग लावून पाहण्याची चाचणी) केली की १७ व्या गुणसूत्राचा तुकडा गळाला आहे का ते कळतं, पण बारीक चूक फिशला दिसत नाही, त्यासाठी अनुक्रमण लागतं. फक्त फिश करून "टीपी५३ ठीक आहे" असं लिहिलेले कागद माझ्यासमोर येतात तेव्हा मी प्रत्येक वेळी दुसरी चाचणी करायला सांगते.


जुनीवाट

औषध घेणाऱ्याच्या बाजूने थोडं लिहितो. मला इब्रुटिनिब सुरू झालं तेव्हा दुसऱ्या आठवड्यात माझ्या पांढऱ्या पेशी दुपटीहून वाढल्या. मी घाबरलो. डॉक्टर मात्र शांत होते. मानेतल्या गाठी त्याच आठवड्यात विरघळल्या होत्या. त्यांनी सांगितलं, पेशी गाठींतून सुटून रक्तात आल्या आहेत, आता त्यांना आसरा उरला नाही. वर सीडी४९डी बद्दल वाचलं आणि त्या दिवसाचा अर्थ आज नीट लागला.


पेशीवेडा

जुनीवाट काका, अगदी बरोबर. आणि याच ठिकाणी सीडी४९डी पुन्हा डोकं वर काढतं. हे प्रथिन भरपूर असलेल्या रुग्णांत इब्रुटिनिबनंतर पेशी रक्तात कमी सुटतात, कारण त्या अजून धरून बसलेल्या असतात. अशा रुग्णांत औषधाचा परिणाम टिकण्याचा काळही कमी असल्याचं २०१८ साली दाखवलं गेलं.

औषधासमोर रोग बदलतो तोही प्रथिनातच. इब्रुटिनिब बीटीके प्रथिनाच्या ४८१ क्रमांकाच्या सिस्टिनला कायमचं चिकटतं. काही वर्षांनी काहींच्या रोगपेशींत तिथे सिस्टिनऐवजी सेरिन येतं आणि औषधाची पकड सुटते. एका अमिनो आम्लाचा फरक. हे मार्कर निदानाच्या दिवशी नसतात, ते उपचारातून उगवतात.

२०२२ साली जनुकं आणि हजारो प्रथिनं एकत्र मोजून एक अभ्यास आला. त्यात एक गट असा सापडला की ज्याचा रोग वेगाने जातो, पण नेहमीच्या जनुकीय तपासण्यांत तो वेगळा ओळखू येत नाही. पेशीतल्या स्प्लायसिंग यंत्रणेच्या, म्हणजे जनुकाच्या संदेशाची कापजोड करणाऱ्या यंत्रणेच्या, प्रथिनांचं प्रमाण तेवढं बदललेलं. मला यात फार आशा वाटते. जनुक म्हणजे पाककृती, प्रथिन म्हणजे प्रत्यक्ष शिजलेलं. आपण इतकी वर्षं बहुतेक पाककृतीच वाचत आलो.


कणमोजणी

नव्या औषधांच्या काळात कुठला जुना मार्कर टिकला, हा प्रश्न मला सतावत होता, म्हणून शोधलं. इब्रुटिनिब घेणाऱ्यांसाठी जो चार गोष्टींचा गुणांक तयार झाला त्यात टीपी५३, आधी झालेले उपचार, एलडीएच (रक्तात मोजलं जाणारं एक एन्झाइम) आणि बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन आहेत, शेवटच्याची रेषा ५ मिलिग्रॅमवर. आयजीएचव्ही त्यात नाही! बरोबर समजलो का, डॉक्टर?


रक्तिमा_वैद्य

बरोबर. बीटीके रोखणारी गोळी सतत घेत राहिलं तर म्यूटेटेड आणि अनम्यूटेटेड यांच्यातली दरी बरीच बुजते. व्हेनेटोक्लॅक्स ठरावीक मुदत देऊन थांबवतात तेव्हा मात्र अनम्यूटेटेड रुग्णांत रोग तुलनेने लवकर परततो. म्हणजे मार्करचा अर्थ औषधागणिक बदलतो. "हा मार्कर वाईट आहे का" याऐवजी "कोणत्या औषधासाठी वाईट आहे" असं विचारा.


नदीकाठ

सहा आठवड्यांनी परत आले. डॉक्टरांना मी सरळ विचारलं आणि त्यांनी ताज्या नमुन्यावर आयजीएचव्ही, फिश आणि टीपी५३ चं अनुक्रमण करून घेतलं.

आयजीएचव्ही ९९.६ टक्के जुळतं, म्हणजे अनम्यूटेटेड. फिशमध्ये फक्त १३ व्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला. टीपी५३ दोन्ही चाचण्यांत स्वच्छ. क्रिएटिनिन तेवढंच, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन ३.८.

मी स्वतः गुण मोजले: वयाचा १, आयजीएचव्हीचे २, बीटा-२ चे २. पाच. चार ते सहा म्हणजे जास्त धोका असं दिसतं. पण बीटा-२ मूत्रपिंडामुळे असेल तर तीन, म्हणजे मधला गट. कोणता खरा?


रक्तिमा_वैद्य

दोन्ही आकडे मनात धरून चाला, मीही तसंच करते. पण तो गुणांक मुख्यतः केमोच्या काळातल्या आयुर्मानाचा आहे. तुमचा आजचा प्रश्न "औषध कधी लागेल" हा आहे, आणि त्यासाठी सुरुवातीच्या स्टेजचा वेगळा, सोपा गुणांक आहे. आयजीएचव्ही अनम्यूटेटेड, लिम्फोसाइट्स १५,००० च्या वर, हाताला लागणाऱ्या गाठी, प्रत्येकी एक गुण. बाबांचे दोन. दोन किंवा तीन गुण असणाऱ्यांत पाच वर्षांत उपचार लागण्याचं प्रमाण साधारण ६१ टक्के होतं. म्हणजे शंभरातल्या ३९ जणांना पाच वर्षांनीही लागले नव्हते. तुम्हाला खोटा धीर द्यायचा नाही, म्हणून आकडा स्पष्ट सांगते: बाबांना काही वर्षांत औषध लागण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. आणि लागेल तेव्हा टीपी५३ स्वच्छ असण्याचा त्यांना खरा फायदा होईल.


नदीकाठ

रविवारी बाबांना सगळी पानं दाखवली. काकांचं ऐकलं ते बरं झालं. त्यांनी चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचली, सीडी४९डी चं काम मी जसं जमेल तसं सांगितलं. मग त्यांनी एकच विचारलं, "यातलं पुन्हा काय काय तपासावं लागेल?" मला उत्तर येत नव्हतं.


रक्तिमा_वैद्य

त्यांना सांगा: आयजीएचव्ही पुन्हा कधीच नाही. झॅप-७० आणि सीडी३८ पुन्हा करायची गरज नाही. दर भेटीत रक्ताची साधी मोजणी आणि हाताने गाठी, प्लीहा पाहणं. लिम्फोसाइट्सचे आकडे तारखेसह एका वहीत लिहीत राहा, दुप्पट व्हायला किती महिने लागले ते त्यातूनच कळतं. आणि औषध सुरू करायची वेळ आली की त्याच्या आधी फिश आणि टीपी५३ पुन्हा, आज स्वच्छ असलं तरी. मधल्या वर्षांत एखादा छोटा क्लोन वाढलेला असू शकतो. पहिल्या औषधानंतर रोग परतला, तरी दुसरं सुरू करण्याआधी परत.


नदीकाठ

फाइलच्या आतल्या बाजूला हे बाबांनी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं. खाली पहिली नोंदही केली: तारीख, आणि पुढे ३१,४००.